शमीमआपाच्या तोंडातला लाडू

परवा लेकीला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी बुंदीच्या लाडवांचा डबा आणला. झाकण उघडताच तुपाचा वास आला आणि मी थेट माहेरच्या गावी सिहोऱ्यात, शेजारच्या शमीमआपाच्या निकाहात जाऊन बसले.

मी दहा वर्षांची होते. आपा सकाळपासून उपाशी, म्हणून मी तिच्या तोंडात अख्खा लाडू कोंबला. तेवढ्यात नवरीचा होकार काझीकडे नेणारे वकीलचाचा दोन साक्षीदार घेऊन दाराशी आले. नवरीला विचारल्याशिवाय त्यांच्यात निकाह लागत नाही.

"बेटी, कबूल है?"

आपा नुसती चावत राहिली. बाहेर काझी, नवरदेव, सारं वऱ्हाड ताटकळलेलं. माझ्यामुळे लग्न मोडलं, असंच मला वाटलं. शेवटी आपाने घास गिळला आणि ओढणीआड हसत म्हणाली, "कबूल है."

तेव्हा मला फक्त तो लाडू दिसत होता. आता दिसतात ते एका मुलीच्या शब्दासाठी खोळंबलेले एवढे सारे पुरुष. माझ्या लग्नात मला कोणी काही विचारलंच नव्हतं.

पाहुणे गेले तसा नवरा म्हणाला, "मी हो म्हणून कळवून टाकतो."

मी लेकीच्या हातातला लाडू काढून घेतला.

"थांबा ना जी! तोंड रिकामं आहे तिचं. आधी तिले विचारा."