जितेशची निळी लिंक आणि बायजाबाईचा पाट

रोह्याच्या जितेशला कोणी शहाणपण सांगायला गेलं, की तो आधी जोरात मान डोलावतो आणि मग स्वतःचंच खरं करतो. धाटावच्या केमिकल कंपनीत तो पंधरा वर्षं शिफ्ट करतोय. सेकंड शिफ्ट असली की सकाळ मोकळी, त्या मोकळ्या सकाळींत व्हिडिओ बघून बघून तो वेबसाइट बनवायला शिकला, आणि तेव्हापासून त्याला आवरणं घरच्यांना अवघड झालं. दोन भजनी मंडळं, एक पोल्ट्री आणि एक चपलांचं दुकान, एवढ्यांना त्याने इंटरनेटवर नेऊन बसवलं. दुकानवाल्याला अजून त्याची खबर नाही.

पेणला त्याच्या मामांचा, महिपतीमामांचा, गणपतीचा कारखाना आहे. तिथली रीत जुनी. मूर्ती ठरवायची तर घरचा पाट आणून द्यायचा. पाटावर नाव पडलं आणि तो फळीवर गेला, की मूर्ती त्या घरची झाली. जितेशने ही रीतच वेबसाइटवर आणली; फळीवर आलेल्या पाटांची नोंदही तिथेच होऊ लागली. प्रत्येक फोटोखाली निळ्या अक्षरांत एक लिंक दिली, ‘पाट ठेवा’. ठरलेल्या मूर्तीखाली दुसरी, ‘पाट उचला’, म्हणजे नोंद रद्द. ही दुसरी खरं तर फक्त मामांसाठी होती. पण मामा तीनदा पासवर्ड विसरले, तेव्हा वैतागून जितेशने पासवर्डच काढून टाकला.

त्याची मेहुणी मनस्वी पनवेलला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने वेबसाइट पाहिली आणि कपाळाला हात लावला. साधी लिंक दाबली की सर्व्हरकडे ‘गेट’ मागणं जातं, आणि गेट म्हणजे नुसतं ‘दाखव’. नोंद करायची, रद्द करायची, म्हणजे काही बदलायचं असेल तर फॉर्म हवा, त्याला बटण हवं आणि मेथड ‘पोस्ट’ हवी, हे तिने त्याला जेवता जेवता दोनदा सांगितलं. जितेशने मान डोलावली. बटण ओबडधोबड दिसतं, लिंक कशी नाजूक दिसते, असं म्हणून त्याने सोलकढी वाढून घेतली.

चतुर्थीला आठ दिवस होते. सर्च इंजिनांचे बॉट म्हणून जे प्रोग्रॅम असतात, ते जगभरच्या वेबसाइट वाचत फिरतात आणि दिसेल ती लिंक उघडून बघतात. असा एक बॉट भरदुपारी मामांच्या वेबसाइटवर आला. बिचाऱ्याने काही वाकडं केलं नाही. त्र्याऐंशी ठिकाणी ‘पाट उचला’ दिसलं, त्याने त्र्याऐंशी ठिकाणी पाट उचलले. मामांनी चहा पिता पिता मोबाईल बघितला, एवढ्या मूर्ती मोकळ्या दिसल्यावर फळीवरचे पाट न बघताच हरखले, आणि संध्याकाळच्या आत जादा मूर्ती मागणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्याच्या टेम्पोत सात मूर्ती भरून मोकळे झाले.

त्या सातांत बायजाबाईची होती. धरमतरच्या खाडीकाठची ही बाई, सारा जन्म मिठागरावर गेलेला. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या घरी मामांकडचा एकाच साच्यातला गणपती येतो, लोडाला टेकलेला. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा साचा बदलला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती मूर्ती बघायला आली, तेव्हा जितेश तिथेच होता. तिचा पाट फळीवर जागच्या जागी होता, लाल रंगात नावासकट. मूर्ती तेवढी नव्हती.

मामा मोबाईल दाखवू लागले. तिने तो हाताने बाजूला सारला.

“माजा पाट तुज्या फळीवर हाय,” ती म्हणाली. “मंग माजा गणपती दुसऱ्याच्या घरी कसा गेला?”

एवढं बोलून ती पाट मांडीवर घेऊन बसली आणि पदर डोळ्यांना लावला. जितेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मनस्वीला फोन लावला, तिने सर्व्हरची नोंद बघून पाच मिनिटांत सगळं सांगितलं, आणि त्याने ते मामांना समजावलं.

“जित्या, हितं लोकं दिवसभर मूर्त्या बघून जातात,” ते म्हणाले. “बघितल्यानं कुणाचा पाट हलतो काय?”

मनस्वी हेच तर सांगत होती. जितेशने तिथेच बसून दोन्ही लिंका काढल्या, फॉर्म घातले, पोस्टची बटणं लावली. मामांना नवा पासवर्ड दिला; तो त्यांनी लगेच खडूने भिंतीवर लिहिला. बाकीच्या सहा घरांना चालतील अशा मूर्ती निघाल्या. पण बायजाबाईच्या साच्यातली नवी मूर्ती त्या दमट हवेत उरलेल्या दिवसांत वाळणं शक्य नव्हतं. त्या साच्यातली एकच मूर्ती कारखान्यात उरली होती, ती जितेशच्या घरची. त्याने घरी फोन केला. त्याची बायको प्रणिता म्हणाली, द्या, आणि तुम्ही काय आणायचं ते तुमचं तुम्ही बघा. त्याने स्वतःच ती मूर्ती बायजाबाईच्या पाटावर ठेवली. तिने ती खालीवर नीट न्याहाळली आणि मगच हात जोडले.

जितेशच्या वाट्याला आली कोपऱ्यातली मूर्ती. दोन वर्षांपूर्वी हौसेने त्याने स्वतःच तिची आखणी, म्हणजे डोळे-भुवया रंगवायचं काम, केली होती, आणि डावी भुवई भलतीच वर गेली होती. मामांनी ती कुणाला दिली नव्हती.

पाच दिवस घरात पाहुण्यांची रीघ. गणपती भुवई उंचावून जितेशकडे बघतोय, असं जो तो म्हणायचा. का बघतोय, ते मनस्वी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायची. पहिल्या दिवशी जितेश चिडला, दुसऱ्या दिवशी हसला, तिसऱ्या दिवशी स्वतःच सांगू लागला. एवढा आपला वाटणारा गणपती त्याच्या घरी आजवर आला नव्हता.

पाचव्या दिवशी आरती झाली. सगळे विसर्जनाला निघाले.

“उचला आता पाट,” प्रणिता म्हणाली.

जितेशने पाटाला हात घातला आणि तसाच थांबला.

“नक्की ना?” त्याने विचारलं.

सगळे खो खो हसले. त्याचे डोळे भरले होते.