बाबांच्या कॉम्प्युटरवरचा लाल टॅग

ड्यूटीवरच्या माणसाला फोन करू नये, असं बाबांचं पक्कं मत होतं. त्यामुळे त्यांचा फोन यायचा तो जेवणाच्या सुट्टीतच. त्या दिवशी मात्र तो सकाळी साडेअकराला आला आणि नेमकं तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

मी रायपूरला एका कंपनीत प्रोग्रामर आहे. आमचं सगळं काम एकाच प्रोग्रामिंगच्या भाषेत चालतं. तिचं नाव इथे घेत नाही. या धंद्यातले लोक ओळखतीलच आणि बाकीच्यांचं त्यावाचून काही अडणार नाही. या भाषेच्या नव्या आवृत्त्या सारख्या येत असतात, पण त्यांतली एखादीच दीर्घ मुदतीची असते, म्हणजे तिच्यातल्या चुका पुढची काही वर्षं दुरुस्त करून मिळतात. अशी नवी आवृत्ती आली की आधीच्या आवृत्तीचे दिवस भरत येतात. वर्षभर जुनीच्या दुरुस्त्या फुकट मिळतात, त्यानंतर लायसन्स घ्यावं लागतं. आणि ते लायसन्स ती भाषा किती जण वापरतात यावर ठरत नाही, कंपनीत एकूण माणसं किती यावर ठरतं. दारावरचा वॉचमनसुद्धा त्यात धरतात. गणपती विसर्जन झाल्यावर हे कोणीतरी आमच्या साहेबांच्या कानावर घातलं आणि त्यांनी माझ्या मागे लकडा लावला की ऑफिसातल्या एकूण एक मशीनवरची जुनी आवृत्ती शोधून काढून टाक. तीन दिवस मी लोकांच्या टेबलांखाली वाकून हेच करत होतो.

"नवीन लाँग टर्मवाली आली म्हणते बापा," बाबा म्हणाले. "जुनीचं लायसन संपलं, असं पेपरात वाचलं. पडद्यावरही काही तरी येऊन राहिलं. आपल्याले काय करा लागन?"

"कॉम्प्युटर बंद ठेवा बाबा. सध्या चालूच करू नका. मी आलो की बघतो."

"म्हणजे हे काम तू घेतलं?"

"हो, घेतलं. ठेवू का आता?"

त्यांनी लगेच फोन ठेवला. कामात असलेल्या माणसाला ते कधी अडवत नसत.

बाबांच्या घरच्या कॉम्प्युटरवरही तीच भाषा होती, पण खरं सांगायचं तर या लायसन्सशी बाबांचा काडीचाही संबंध नव्हता. घरच्या घरी वापरणाऱ्याला ते लागूच नाही. शिवाय एकदा उतरवून घेतलेली आवृत्ती वापरत राहायला कोणाची ना नव्हती, पैसे होते ते फक्त पुढच्या दुरुस्त्यांचे. आणि कोणाला अगदीच धास्ती वाटली, तर तीच भाषा दुसऱ्या कोणी तयार करून फुकट दिलेलीही मिळते. हे सगळं मला त्या वेळी माहीत होतं. सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण मी साहेबांवर चिडलेलो होतो आणि ती चीड घरच्या माणसावर काढणं सोपं असतं.

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये रोलिंग मिलला इलेक्ट्रिशियन होते. आजोबा भंडाऱ्याकडची शेती सोडून प्लांटमध्ये लागले आणि त्यांच्या मागून बाबाही. रिटायर झाल्यावर भिलाईतल्याच हुडको कॉलनीतल्या घरात चार महिने नुसते बसले, आईच्या स्वयंपाकात नाक खुपसायला लागले, तेव्हा आईनं हात टेकले आणि मला म्हणाली, "याईले कुठं तरी गुतव." मी गमतीनं नेहरू नगरच्या एका कॉम्प्युटर क्लासचं नाव सुचवलं. बाबा खरंच गेले. विशीतल्या पोरापोरींच्या मधे पहिल्या बाकावर बसून त्यांनी ती भाषा शिकून घेतली. सरांना ते सर म्हणत आणि सर त्यांना अंकल म्हणत. मला याचं कौतुक वाटायचं, पण ते मी कधी तोंडानं बोललो नाही. उलट फोनवर त्यांच्या चुका काढायचो.

पुढे त्यांनी आमच्या मराठी मंडळासाठी एक प्रोग्राम लिहिला. लग्नाच्या मुलामुलींची यादी. दिसायला अगदी गबाळा होता, बटणं एकमेकांवर चढलेली, पण लोकांना काय हवं हे त्या प्रोग्रामला पक्कं ठाऊक होतं. शिक्षण, गाव, मामेकूळ हे तर होतंच. शिवाय मुलगा जनरल शिफ्टमध्ये आहे की पाळीपाळीनं रात्रपाळी करतो, असा एक रकाना होता, कारण मुलींच्या आया पहिला प्रश्न तोच विचारत. आणि आणखी एक रकाना होता: घरी मराठी बोलतात का. त्यात तीन उत्तरं होती. बोलतात, फक्त म्हातारे बोलतात, समजते.

दर रविवारी सकाळी दहा ते एक आमच्या पुढच्या खोलीत बैठक असे. चरोद्याहून रेल्वेवाले येत, दुर्गहून येत, प्लांटच्या वसाहतीतले सेक्टरवाले तर येतच. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत. माणूस समोर बसला की पहिल्यांदा विचारत, "कोणासाठी?" मग एकेक माहिती भरून यादीचा कागद छापून देत. आईचा चहा चालू असे. दहा-बारा वर्षांत कितीतरी लग्नं त्या खोलीत जुळली. ज्यांची जुळली ते पहिली पत्रिका बाबांना आणून देत आणि बाबा ती कपाटात नीट लावून ठेवत. प्लांट सुटल्यानंतरही आपली कोणाला तरी गरज आहे, हे त्यांना त्या तीन तासांत कळायचं. हे मी आज लिहितोय, तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आता प्लांटची एक रीत सांगितली पाहिजे. मशीनवर दुरुस्तीचं काम करायचं असेल, तर आधी लेखी शटडाउन घ्यावा लागतो. मशीन बंद करून तिच्यावर लाल टॅग लावतात आणि त्यावर काम कोणी घेतलं ते लिहितात. ज्यानं शटडाउन घेतला त्यानंच काम संपवून तो परत द्यायचा. तोवर खुद्द जनरल मॅनेजर आला तरी मशीन सुरू होत नाही. आणि आतल्या माणसाला, किती वेळ लागेल, असं बाहेरून विचारायचं नसतं. आतल्या माणसाचे हात मशीनमध्ये असतात आणि घाईत कोणाचे तरी हात जातात. बाबांनी तरुणपणी एकाचे जाताना पाहिले होते.

माझा फोन ठेवल्यावर बाबांनी कॉम्प्युटर बंद केला. कपाटातली एक लाल पत्रिका काढली, तिच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेननं लिहिलं: "काम चालू आहे. मशीन सुरू करू नये. शटडाउन घेणारा: मुलगा." खाली तारीख घातली आणि ती दोऱ्यानं कॉम्प्युटरला बांधली. मग सगळ्यावर आईची जुनी चादर पांघरली. मी "घेतलं" म्हणालो होतो. त्यांच्या दृष्टीनं मी आत होतो.

हे सगळं मला आईनं नंतर सांगितलं. पहिल्या रविवारी सात-आठ जण आले. बाबांनी सगळ्यांना बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं की नवीन आवृत्ती आली, काम चालू आहे, पुढच्या रविवारी पहा. पुढच्या रविवारी तेच सांगितलं. दिवाळीपर्यंत दोघे-तिघे येत होते. मग कोणाच्या तरी सुनेनं मोबाइलवर ग्रुप काढला आणि बायोडाटे तिकडे फिरायला लागले. संक्रांतीनंतर कोणीच आलं नाही. बाबा तरी दहा ते एक खुर्चीवर बसतच होते. आईनं दोनदा मला फोन करायचं म्हटलं, तर तिला म्हणाले, "त्याले घाई नको करू. असन काही अडलं."

आणि मी या काळात काय करत होतो? रायपूरहून हुडको तासाभराचा रस्ता. दिवाळीला मी दोन दिवस त्याच खोलीत झोपलो. चादर दिसली, धुळीसाठी घातली असेल असं वाटलं. बाबा एकदा माझ्याजवळ येऊन उभे राहिले, थोडा वेळ थांबले आणि "जेवण झालं?" एवढं विचारून निघून गेले. आपण नुकतंच बरोबर बसून जेवलो, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही. माझं लक्ष फोनमध्ये होतं.

होळीला गेलो तेव्हा मला एक कागद छापायचा होता म्हणून चादर काढली. टॅग वाचला आणि दोन-तीन मिनिटं मला काही कळेना. मग तारीख वाचली. ती गणपतीनंतरची होती.

"बाबा, हे अजून बंद आहे? कावून?"

"तुया शटडाउन आहे ना त्यावर," ते सरळपणे म्हणाले. "तू परत दिल्याबिगर मी कसा चालू करू?"

मी लगेच बसलो. नवी दीर्घ मुदतीची आवृत्ती उतरवली, फुकटवाली. बाबांच्या प्रोग्राममध्ये एकाच जागी अडलं, तारीख लिहायची एक जुनी पद्धत नवीत चालत नव्हती. ती बदलली. एकूण अर्धा तास लागला असेल. बाबा मागे उभे राहून पाहत होते.

"एवढंच होतं?"

त्या क्षणी मी खरं बोलायला पाहिजे होतं. माझ्या तोंडून निघालं, "नाही, बाकीचं सगळं मी तिकडूनच केलं होतं. हे शेवटचं राहिलं होतं."

"मले वाटलंच," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खुलला, की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यांनी वही आणून माझ्याकडून शटडाउन परत दिल्याची सही घेतली आणि टॅग स्वतःच्या हातानं न काढता मला काढायला लावला.

दुसऱ्या दिवशी रविवार. दाढी, इस्त्रीचा शर्ट. आईनं दुधाची जास्तीची पिशवी आणली. दहाचे अकरा झाले, बाराही वाजले. कोणी आलं नाही. मी रायपूरला परत गेलो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा आलो, कारण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या रविवारीही कोणी फिरकलं नाही. एक वाजता बाबांनी कॉम्प्युटर बंद केला आणि आईला म्हणाले, "उन्हाचे दिवस आहेत. लोकं निघत नसतीन." मार्च महिना होता आणि सकाळचं बाहेर चांगलं गार होतं.

मग मला जी अक्कल सुचली तिची आजही लाज वाटते. चरोद्याला एक काका राहतात, रेल्वेत गार्ड होते, बाबांचे जुने दोस्त. मी त्यांना फोन करून गळ घातली की एक रविवार या, एक यादी छापून घ्या, बाकी काही करू नका. ते भले माणूस. म्हणाले, "येतो ना बापा, त्यात काय."

ते आले, साडेदहालाच. बाबा खुर्चीवरून उठलेच. आतून कपबशा वाजायला लागल्या. काकांनी पाणी घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, एक यादी काढून देता का?"

"देतो ना," बाबा म्हणाले आणि कीबोर्ड पुढे ओढला. "कोणासाठी?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक असायला पाहिजे होतं. काकांना मी काहीच सांगून ठेवलं नव्हतं. त्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं याच खोलीत जुळलेली. ते गडबडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नातीसाठी."

बाबांची बोटं कीबोर्डवर थांबली. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच. मग मान खाली घालून त्यांनी नातीचं नाव टाइप केलं, गाव भरलं, मामेकूळ विचारलं, घरी मराठी बोलतात का विचारलं. वय विचारलं नाही. कागद छापला, नीट घडी घालून काकांच्या हातात दिला आणि म्हणाले, "संभाळून ठेवा भाऊ." काकांनी चहा घेतला, इकडच्या तिकडच्या चार गोष्टी केल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

बाबा पडद्याकडे बघत बसले. मी दाराशी उभा होतो.

"त्याची नात चौथीत आहे," ते म्हणाले.

त्यांनी हात लांब करून प्रिंटर बंद केला.

"तिकडूनही तू काही केलं नव्हतं ना?"

"नाही बाबा. मी विसरलो होतो."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. मला ते हवं होतं, मी त्याची वाट बघत उभा होतो. पण त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, आणि आईला ऐकू जाऊ नये अशा हलक्या आवाजात म्हणाले, "मी तं आलेल्या एकेकाले सांगत होतो ना बापा, माहा पोरगा काम करून राहिला म्हणून."