साहेबांचे पाय मी तपासले नाहीत

फौजेत मी चोवीस वर्षं होतो. त्यातली शेवटची आठ, हवालदार म्हणून, लोकांचे पाय बघण्यात गेली. हसू नका. गस्तीवरून तुकडी परतली की सगळे बूट-मोजे काढून ओळीत बसतात आणि हवालदार एकेकाचा पाय हातात घेऊन बघतो. फोड, चीर, काळं पडलेलं नख. याला फूट इन्स्पेक्शन म्हणतात. दोन गोष्टी नियमात नव्हत्या, तरी सगळे पाळायचे. साहेबांचे पाय कोणी बघत नाही आणि बघणाऱ्याचेही कोणी बघत नाही.

माझी शेवटची पोस्टिंग डोंगरातल्या एका चौकीवर होती. पोस्ट कमांडर होते सुभेदार रामटेके, उमरेडचे. मी नागपूरचा, त्यामुळे दोघंच असलो की गावची बोली चालायची. सात महिने मी बघत होतो. साहेबांची पाण्याची बाटली तासाभरात रिकामी व्हायची. दर थोड्या वेळाने ते बंकरमागे जायचे. पँट कंबरेवरून घसरायला लागली होती. एकदा मी बोललो.

"साहेब, एकदा सिक रिपोर्ट करा ना."

"पाणी पिऊन राहिलो गा, दारू नाही. गपचूप राहा."

सिक रिपोर्ट करणारा, म्हणजे आजारी म्हणून नाव लावणारा, तो कामचोर, एवढीच आमची अक्कल. मी पुन्हा विषय काढला नाही.

तीन दिवसांची गस्त करून आम्ही १६०० वाजता चौकीवर आलो. मी अठरा जणांचे पाय बघितले. साहेब दगडावर बसले होते, बूट घालून. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"साहेब, पाय?"

"पोरायचे पाहा."

"जी, साहेब."

त्यानंतर चौथ्या दिवशी ०७०० वाजता ते उठले नाहीत. बूट मीच काढला. मोज्याबरोबर कातडीही सुटून आली. अंगठा काळा, तळव्यात पू. वास असा की दोन जवान बाहेर पळाले. साहेब काहीबाही बरळत होते. रेडिओवर बटालियनचे डॉक्टर आले.

"पेशंटला आधीपासून काही त्रास? ओव्हर."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. साहेबांच्या रिटायरमेंटला चार महिने उरले होते. शेवटी शेवटी त्यांच्या कागदावर आजाराचा शेरा नको, असं मला वाटलं.

"निगेटिव्ह, सर. कालपर्यंत ठीक होते. ओव्हर."

"मग इन्फेक्शनचा अशक्तपणा असेल. गिळत असतील तर थोडं थोडं ग्लुकोज द्या. चॉपर मागवतो. ओव्हर."

"रॉजर, सर."

हवा खराब होती. चॉपर दुसऱ्या दिवशी ११३० वाजता आलं. तोपर्यंत मी माझ्या हाताने, चमच्याचमच्याने, साहेबांना ग्लुकोज पाजत होतो. हॉस्पिटलात त्यांची शुगर तपासली तर ती इतकी वर गेलेली की मशीन आकडाच दाखवेना. तिसऱ्या दिवशी साहेब गेले.

एवढं डोळ्यांनी बघून मी काय शिकलो? काही नाही. त्याचीच किळस येते.

आता मी नागपूरच्या इतवारीत भांड्यांच्या एका गोदामावर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. गेली दोन वर्षं सारखी तहान लागत होती. मी उन्हावर ढकललं. पट्टा दोन भोकं आत गेला, तर गोदामातल्या हमालांना पोट दाखवून सांगायचो, ही फौजी बॉडी. तळपायाला झिणझिण्या यायच्या, त्याचा दोष बुटांना दिला. मग बाथरूममध्ये मुंग्या यायला लागल्या, नेमक्या मी लघवी करायचो तिथे.

"इथंच काहून येऊन राहिल्या ह्या?" शोभा, माझी बायको, म्हणाली.

"तू नीट घासत नाही वं," मी तिच्यावरच डाफरलो.

बिचारी रोज फिनाइल टाकून घासत बसली. घाण माझी आणि घासायचं तिने. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गेल्या महिन्यात गोदामावर सलग तीन दिवसांची ड्यूटी करून एका संध्याकाळी घरी आलो, दारात बूट काढला आणि शोभाने पदर नाकाला लावला.

"काय सडलं जी?"

हातगाडीचा गंजका खिळा बुटाच्या तळातून वर आला होता. मोजा रक्तापुवाने कडक झालेला. तीन दिवस मी त्याच मोज्यात, त्याच खिळ्यावर उभा राहून ड्यूटी केली होती आणि मला पत्ता नव्हता. अंगठा काळा पडला होता. हा रंग माझ्या ओळखीचा होता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून त्रास आहे?"

"कालपासून," मी म्हणालो. जीभ आपोआप बोलली.

"काहून खोटं बोलता?" शोभा कडाडली. "मॅडम, दोन वर्षं झाले, हे घागरभर पाणी ढोसून राहिले. बाथरूमात मुंग्या लागतात. वाळून काडी झाले."

डॉक्टरीणबाईंनी जखम तशीच ठेवली आणि आधी माझ्या बोटाला सुई टोचली. टाइप टू डायबिटीस. आणखी दोन दिवस काढले असते तर पाऊल गेलं असतं, त्या म्हणाल्या. अंगठा कापण्यावर भागलं.

आता रोज ०६०० वाजता मी खुर्चीवर बसतो. शोभा पाटावर बसून माझा पाय मांडीवर घेते, बोटांच्या बेचक्यांत टॉर्च मारते. माझा रँक तिच्या खिजगणतीत नाही.

"दुसरा," ती म्हणते. मी देतो.

तिने पाय हातात घेतला की रोज मला साहेब त्या दगडावर बसलेले दिसतात, बूट घालून. मग रेडिओवरचा तो प्रश्न ऐकू येतो. त्याचं उत्तर मी मनातल्या मनात रोज देतो.

"सात महिन्यांपासून, सर. मला माहीत होतं. ओव्हर."