इचोड्याच्या ड्रॉवरमधला फोन

प्रिय नातवंडांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघे भांडलात. एकाचे म्हणणे, महागड्या कंपनीचा बंदिस्त फोनच खरा. दुसरीचे म्हणणे, ज्याची सिस्टीम खुली आहे, कुणालाही बदलता येते, तोच खरा. त्यावर तुमचा बाबा म्हणाला, "आजीला यातलं काय कळणार?" म्हणून आजच लिहायला बसले. तुमच्या भांडणातल्या याच मुद्द्यावरून मी एक गुन्हा उघडकीस आणला होता. आदिलाबादजवळच्या इचोडा गावातली ती घटना निवृत्तीनंतरही माझ्यासमोर कालच्यासारखी उभी राहते.

तेव्हा मी तिथे पोलिस खात्यात सर्कल इन्स्पेक्टर होते. नागपूर रस्त्यावरच्या ढाब्यांवर झोपलेल्या ट्रक ड्रायव्हरांचे फोन चोरीला जात होते. एके सकाळी बाजारातला एक मोबाईल विक्रेता खबर घेऊन आला. त्याच्या शेजारच्या गल्लीत एक तरुण बाई फोन दुरुस्त करायची.

"मॅडम, चोरीचा माल तिच्याकडंच जाते. जुनी सिस्टीम उडवते, दुसरी टाकते अन् इकते. काउंटरच्या खालच्या ड्रॉवरात पाहा."

पंचांसमोर झडती घेतली. ड्रॉवरमध्ये एक महागडा फोन निघाला. त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, ताडून पाहिला, तो एका ड्रायव्हरच्या तक्रारीतलाच होता. शिवाय टोपलीभर जुने फोन सापडले. ते सुरू केले की कंपनीच्या नावाऐवजी भलतेच चिन्ह उमटायचे. माझा हेड कॉन्स्टेबल खूश झाला. "केस खतम, मॅडम. उद्या कोर्टात हजर करू."

बाईला ठाण्यात आणले. ती रडली नाही. "तो महागडा फोन काल एक माणूस बॅटरीसाठी ठेवून गेला. मी त्याले ओळखत नाही. टोपलीतले गिऱ्हाइकांचे आहेत. कंपनीनं जुन्या फोनायले वाऱ्यावर सोडलं. खुली सिस्टीम टाकली की पुन्हा चालतात."

बाहेर बाकावर तिची सासू डबा घेऊन बसली होती. मी दारात येताच उठली. "मॅडम, या दुकानापायी आमच्या घरात किती भांडणं झाली, काय सांगू तुमाले. हिचा सासरा म्हणे, बाईनं काऊन बसावं बाजारात? मी म्हणलं, माही सून बसन. आता तुमी हिले आत टाकलं, तर तो म्हाताराच खरा ठरते. दुकान गेलं समजा."

"मावशी, बाहेर थांबा," हेड कॉन्स्टेबल म्हणाला.

"थांबलीच तं आहो सकाळपासून. चहा तरी पाजा."

टोपलीतल्या प्रत्येक फोनचा नंबर मी तपासायला लावला. एकही चोरीचा नव्हता, आणि मालक खेड्यांतून ठाण्यात येऊन आपापला फोन ओळखून गेले. उरला तो ड्रॉवरमधला. खबर देणाऱ्याला ड्रॉवर कसा ठाऊक, हा प्रश्न मला सोडेना. मी त्याला जबाबासाठी बोलावले आणि टेबलावर दोन फोन ठेवले, एक जप्त केलेला महागडा, दुसरा टोपलीतला.

"तिला नेमकं काय करताना पाहिलंत?"

त्याने महागड्यावर बोट ठेवले. "असाच होता. माह्या डोळ्यासमोर सिस्टीम उडवली, दुसरी टाकली अन् चालू करून दाखवला."

"नक्की असाच? हा जुना नाही?"

तो हसला. "त्या डब्ब्याले कोण चोरते, मॅडम?"

जबाब वाचून दाखवला, सही घेतली. माझ्या स्वतःच्या खिशात त्याच कंपनीचा फोन होता. त्यात साधी रिंगटोन बदलायलाही किती विनवण्या कराव्या लागतात, हे मी रोज अनुभवत होते. आदिलाबादच्या सायबर शाखेकडून लेखी अभिप्राय मागवला. उत्तर आले: या मॉडेलवर कंपनीखेरीज कुणालाही दुसरी सिस्टीम टाकता येत नाही.

मी त्याला पुन्हा बोलावले. "जे कुणालाच जमत नाही, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. मग ड्रॉवरची खबर तुम्हाला कशी लागली?"

त्याने पाणी मागितले. माझ्या नोकरीत असे पाहिले आहे की चौकशीत माणसाने पाणी मागितले की निम्मा जबाब झालेला असतो. शेवटी त्याने कबूल केले, फोन त्यानेच साथीदाराच्या हातून तिच्याकडे ठेवला होता. त्याच्या गोदामात नव्या फोनच्या खोक्यांमध्ये चोरीचे फोन सापडले. त्या फोनचे लॉक उघडत नव्हते म्हणून तो त्यांचे स्क्रीन आणि बॅटऱ्या विकत होता.

"पण तिलाच का अडकवलं?" मी विचारले.

"तिनं जुने फोन जित्ते केले, तं माहे नवे कोण घेईन?"

बाईला मी भर बाजारातून, दिवसाढवळ्या, ठाण्याच्या जीपने दुकानापर्यंत नेले. सासू पुढच्या सीटवर बसली होती. म्हणाली, "आधी आमच्या घरावरून घ्या, म्हाताऱ्याले दिसू द्या." मी ड्रायव्हरला सांगितले, घ्या, आणि सावकाश घ्या. दुकानाचे शटर हेड कॉन्स्टेबलने स्वतः उचलले. गल्ली भरून लोक उभे होते. त्या दिवशी वर्दीत मला जितके ताठ वाटले, तितके कुठल्याही परेडला वाटले नाही.

तर मुलांनो, तुमचे भांडण असे मिटवा. बंदिस्त फोनने ड्रायव्हरच्या घरचे फोटो चोराच्या हाती लागू दिले नाहीत, आणि त्याच्या बंदिस्तपणामुळेच खोटा साक्षीदार सापडला. खुल्या सिस्टीमने गरिबांचे फोन चालते ठेवले. मला या प्रकरणाने शिकवले ते वेगळेच. ओळखीचे चिन्ह दिसले नाही की आपण वस्तूला चोरीची म्हणतो आणि माणसाला चोर. आधी ती वस्तू काय करू शकते आणि काय नाही, ते विचारावे. माणसावर संशय त्यानंतर घ्यावा.

ते दुकान त्याच गल्लीत आजही सुरू आहे. ती आत फोन दुरुस्त करते, काउंटरवर तिचा सासरा बसतो.