लसूणघासाच्या पेंढ्या

सकाळी सहाला तिचं वजन करायचं. ओट्यावर छोटा काटा, त्यावर प्लास्टिकची टोपली, टोपलीत जुना रुमाल आणि रुमालावर ती. ती हलायची थांबेपर्यंत आकडा ठरत नाही. हिवाळ्यात त्याला पाच-पाच मिनिटं लागायची. वैशाखात ती इतकी मलूल झाली, की आकडा लगेच दिसायचा, आणि रोज कालच्यापेक्षा कमी दिसायचा.

गिनीपिगला पोट रिकामं ठेवून चालत नाही. दिवसभर खाल्लं नाही, तर आतडी थांबतात आणि मग पुन्हा चालू होतील याची खात्री नसते. म्हणून दर तीन तासांनी कोथिंबीर, ढोबळी मिरची आणि विकत आणलेलं, भिजवलेलं कोरडं खाणं मिक्सरमधून काढायचं आणि सुई नसलेल्या सिरिंजने तिच्या गालात थेंब थेंब सोडायचं. ती अर्धं बाहेर टाकते. एका वेळेला पाऊण तास जातो. मग भांडी, रुमाल, टोपली धुवायची, की पुढच्या वेळेची तयारी. कळंबचा उन्हाळा तिला सोसत नाही. खिडक्यांना ओली पोती लावून, दारं लोटून मी आणि ती मधल्या खोलीत बसायचो. वीज गेली की मी पुठ्ठ्याने वारा घालायचो. चौकातल्या वाचनालयात जाऊन पेपर चाळून येणंसुद्धा तीन तासांच्या हिशेबात अवघड जाई, कारण कुणीतरी भेटायचं, थांबवायचं, बायकोबद्दल हळू आवाजात विचारायचं.

बायको थंडीत गेली. दुपारी गहू निवडत होती, छातीत दुखतंय म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत नव्हती. गिनीपिग तिचं होतं. खरं तर मुलीचं. पुण्यात घरमालकाने हरकत घेतली म्हणून मुलीने पंधरा दिवसांसाठी आणून ठेवलं, आणि ते इथंच राहिलं. बायकोला आधी त्याची किळस होती. महिन्याभरात ती त्याच्याशी भांडायला लागली. मी पुस्तकात डोकं घातलेलं असे आणि स्वयंपाकघरातून आवाज येई, "कालच दिलं होतं की गं, हावरट कुठली!"

बायकोचे दिवस झाल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, मी हिला घेऊन जाते. आता माझी जागा बदललीय." मी नको म्हणालो. ती म्हणाली, "आई द्यायची तसंच द्याल? दुसरं काही नको." मी हो म्हणालो. रोज फोनवर ती तेच विचारायची आणि रोज मी हो म्हणायचो.

बायको तिला काय द्यायची? वाळलेलं गवत. येडशीकडच्या डोंगरातलं, पिवळं, काड्या टोचतील असं. एक ओळखीचे शेतकरी पोत्यात भरून आणून द्यायचे. वर कोथिंबिरीच्या चार काड्या, कधी पेरूची फोड. मला ते बघवायचं नाही. आमच्या लहानपणी शेतात पाण्याखाली एक वाफा लसूणघासाचा असायचा. तो सगळ्या जनावरांना मिळत नसे. नुकती व्यालेली म्हैस, आजारी बैल, एवढ्यांनाच. बाकीच्यांनी कडबा खायचा. हिरव्यागार पेंढीची गाठ सुटली की गोठ्यातली सगळी जनावरं मान वर करायची. बायकोला काटकसरीची सवय होती, म्हणून ती असलं गवत घालते, असं मी मनात धरलं. विचारलं मात्र कधी नाही.

तेराव्यानंतरच्या पहिल्याच बाजारात मी लसूणघासाच्या दोन पेंढ्या आणल्या. ती त्यांवर तुटून पडली. मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. मग रोजच आणायला लागलो. डोंगरातल्या गवताचं पोतं मागच्या अंगणात पडून राहिलं.

चैत्र संपता संपता तिच्या रुमालावर तांबूस डाग दिसायला लागले. मी बिटाचे समजलो. मग लक्षात आलं, की बीट मी दिलेलंच नाही. लघवी करताना ती पाठ कमानीसारखी वर करायची आणि बारीक, लांब आवाज काढायची. खाणं सुटलं ते तेव्हापासून.

जनावरांच्या दवाखान्यात त्या दिवशी तीन शेळ्या आणि एक खोंड पुढे होतं. डॉक्टर तरुण होते. टोपलीतलं जनावर पाहून हसले. "सर, म्हैस असती तर खांद्यापर्यंत हात घालून सांगितलं असतं. हिच्यात माझं बोट न्हाय मावत." तरी त्यांनी तिला हलक्या हाताने धरलं, पोट दोन बोटांनी चाचपलं, आणि मग हसायचे थांबले. माझं बोट धरून त्यांनी तिच्या पोटाखाली टेकवलं. आत वाटाण्याएवढं काहीतरी टणक होतं.

"खडा हाय, सर. मूत्राशयात." त्यांनी पुण्यातल्या आपल्या एका वर्गमित्राला फोन लावला. बोलता बोलता माझ्याकडे बघून विचारलं, "खायला काय घालता?"

"लसूणघास," मी म्हणालो. जरा अभिमानानेच म्हणालो. "रोज ताजा."

त्यांनी ते फोनवर सांगितलं आणि पलीकडचं बराच वेळ ऐकलं. फोन ठेवला. खोंडाच्या मालकाला बाहेर थांबायला सांगितलं. "सर, म्हशीला दूध द्यायचं असतं, म्हणून तिला लसूणघास चालतो. त्यात चुना, म्हंजी कॅल्शियम, लई. हे एवढंसं जनावर. त्याला दूध न्हाय का काय न्हाय. तो चुना जाणार कुठं?" मग म्हणाले, "ऑपरेशनच करावं लागंल. पुण्यात करतात. दोन-तीन दिवसांत न्या, वाट बघू नका."

मी घरी आलो आणि मागच्या अंगणातलं पोतं उघडून बसलो. तिने ते गवत हुंगलं आणि तोंड फिरवलं.

मुलीला फोनवर खडा झालाय एवढंच सांगितलं. का झाला हे सांगितलं नाही. सांगितलं तर ती हिला परत देणार नाही, हे मला कळत होतं. आणि न सांगावं, तर तिकडचे डॉक्टर कशावर उपाय करणार? रात्रभर नाही, पण सिरिंज भरताना, धुताना, पुन्हा भरताना, दिवसभर मी त्याच दोन वाक्यांत फिरत होतो.

निघायच्या आदल्या दिवशी जवळच्या वाशीहून माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन आला. आमच्याकडं घरातलं माणूस गेलं, की सोयऱ्यांनी दुखवटा काढायचा असतो. मागे राहिलेल्याला घरी बोलवायचं, गोडाचं जेवू घालायचं, टॉवेल-टोपी द्यायची. तोवर त्यानं कुणाचा उंबरा चढायचा नाही. बाकीच्यांचे दुखवटे तेराव्याच्या आसपास झाले. तेव्हा अक्काचा पाय मोडलेला होता, म्हणून तिचा राहिला. नंतर ती बोलवत राहिली आणि मी गिनीपिगचं कारण सांगत राहिलो.

"म्हंजी पुण्याला जायला सवड हाय," अक्का म्हणाली. "सख्ख्या बहिणीच्या दारात यायला न्हाय."

"अक्का, दवाखान्यात न्यायचंय तिला."

"ने की. पण दुखवटा अंगावर घिऊन पोरीच्या घरात जाणार? गाडी किती वाजता हाय तुझी?"

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर पोहोचलो, तर ती आधीच बाकड्यावर बसलेली. काठी, डबा, पिशवी. मांडीवर टोपली घेऊन मी शेजारी बसलो, तर तिने तिथंच माझ्या कपाळाला गंध लावलं, डोक्यावर पांढरी टोपी ठेवली आणि खांद्यावर टॉवेल टाकला. मी आयुष्यात टोपी घातलेली नाही. ती मोठी होती, कानांवर आली.

"आजी, नवरदेव कुठं निघालं?" कंडक्टरने गाडीच्या दारातून विचारलं.

"बायको गेलीया त्याची. तू तुझ्या घंटीचं बघ," अक्का म्हणाली. कंडक्टर खाली मान घालून आत गेला.

तिने डब्यातली शेंगदाण्याची पोळी मोडून माझ्या तोंडात दिली. चावता चावता मी टोपलीवरचा रुमाल सारखा करत होतो. "हे उंदीर तुला वाशीला येऊ देत न्हाय व्हय," ती म्हणाली. पण तिने वाकून आत बघितलं.

"अक्का, माझ्यामुळंच झालंय तिला हे. मी लसूणघास घातला."

अक्का हसली. "येडा हाईस का? लसूणघासानं कुठं जनावर आजारी पडतं? खाऊन खाऊन फुगलं आसंल." आणि दुसरा तुकडा पुढे केला. मी तो खाल्ला. तिला समजावायचं कसं? सहा महिन्यांपूर्वी मलाही कुणी समजावू शकलं नसतं.

बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी. दोनदा चालत्या गाडीत सिरिंजने पाजलं. दोन्ही वेळा तिने थोडं गिळलं.

पुण्याच्या दवाखान्यात मुलगी रजा घेऊन थांबली होती. टोपी बघून तिने काही विचारलं नाही, फक्त ती काढून माझ्या पिशवीत ठेवली. काउंटरवरून फॉर्म मिळाला. आम्ही भिंतीशी बसलो आणि ती लिहायला लागली. वय. मादी. रोजचं खाणं. पेन न थांबवता तिने लिहिलं, सुकं गवत, कोथिंबीर, पेरू.

"ते खोडावं लागेल," मी म्हणालो.

"का?"

"लसूणघास लिही. रोज. तेराव्यानंतर."

तिने फॉर्मवरून नजर काढली नाही. "मी रोज विचारत होते, बाबा."

"हो."

"रोज."

तिने आधीची ओळ खोडली. खाली लसूणघास लिहिलं, त्यापुढे किती महिने ते लिहिलं. बोटांवर मोजून लिहिलं. मग माझ्या मांडीवरची टोपली उचलून आपल्या मांडीवर घेतली. "ही आता इथंच राहील," ती म्हणाली. आवाजात राग असता तर मी काहीतरी बोललो असतो.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी ती सोबत नेलेल्या डोंगरातल्या गवताची एक काडी ओढून खाताना मी पाहिली. मग मला थांबायला कारण उरलं नाही.

परतीच्या गाडीत मांडी मोकळी होती. हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. कुर्डुवाडीला गाडी वीस मिनिटं थांबली. सगळे चहाला उतरले. कंडक्टर म्हणाला, "या की काका, बसून बसून आखडून जाल." मला चहा हवा होता, आणि नको म्हणायला आता टोपलीही नव्हती. मी येतो म्हणालो आणि गाडी सुटेपर्यंत तसाच बसून राहिलो.