उशाखालचं बायबल

चारोळीच्या झाडावरून पडून पाय मोडला नसता, तर वेस्तानंही बायबल कधी उघडलं नसतं. हे तो स्वतःच सांगायचा, आणि सांगताना स्वतःवरच चिडायचा.

चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं गाव. पावसावरची ज्वारी, जंगलातली चारोळी, मोहाची फुलं आणि मिळेल ती मजुरी, असा सगळ्यांचा संसार. काही घरं बापजाद्यांपासून ख्रिस्ती. त्या प्रत्येक घरात बायबल होतं. लाल फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगलेलं. कुणाला ताप आला की ते उशाखाली जायचं. बाळंतिणीच्या खाटेखाली विळ्याशेजारी ठेवायचं, म्हणजे भूत येत नाही. वाचायचं काम पाळकांचं, आणि पाळक यायचे महिन्यातून एकदा. वेस्ता आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेला. पण त्याच्याही आढ्याला तेच गाठोडं.

पाय मोडला तेव्हा त्याला धुळ्याच्या दवाखान्यात ठेवलं. बायकोनं रीतीप्रमाणे बायबल उशाखाली सारलं. छताकडे बघून बघून कंटाळलेल्या वेस्तानं एका दुपारी ते बाहेर काढलं आणि वाचत सुटला. रडला, हसला आणि शेवटी संतापला. भेटायला आलेल्या बायकोला म्हणाला, "इतलं बठ्ठं यामा लिखेल शे, अन् आपण त्याना ताईत करी टाका!"

गावी परतला तो किंचित लंगडत. त्याच श्रावणात ख्रिस्ती मंडळीचा पंच सुपडू याची मुलगी तापानं फणफणली. बायबल उशाखाली गेलं, ताप हटेना. तेव्हा येशूचं नाव घेणाऱ्या याच पंचानं डोंगरातून बडवा, म्हणजे भुतंखेतं उतरवणारा मांत्रिक, बोलावला. बडव्यानं सुपात उडदाचे दाणे टाकले, घोळवले आणि डाकीण म्हणून नाव घेतलं: दगडीबाई. गावाच्या टोकाला एकटी राहणारी, डिंक गोळा करणारी म्हातारी विधवा. तीही ख्रिस्ती. सुपडूच्या मुलीला तिनं कितीदा चारोळ्या खाऊ घातलेल्या. तेच आता तिच्यावर उलटलं.

वेस्ता पोचला तेव्हा भरदुपारी तिला झोपडीबाहेर ओढून खांबाला बांधलं होतं. तिच्या कपाळातून रक्त येत होतं. काठ्या घेऊन उभे होते ते कोण? रविवारी तिच्याच शेजारी बसून गाणी म्हणणारे!

वेस्ता काठ्यांच्या आणि तिच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"बाजूले हो, वेस्ता," सुपडू ओरडला. "मन्ही पोर मरी राहिनी!"

"बायबल कोठे शे?"

"पोरीना उशाखाल."

"ते लई ये. मंग माले मार, नही तर हिले मार."

सुपडू हलला नाही. त्याची बायको रुपली मात्र धावत गेली आणि पुस्तक घेऊन आली. इतक्या वर्षांत न उघडलेली पानं एकमेकांना चिकटलेली होती. वेस्तानं ती नखानं सोडवली आणि मोठ्यानं वाचायला लागला. जन्मापासून आंधळ्या माणसाची गोष्ट. शिष्य विचारतात, हा कुणाच्या पापानं आंधळा झाला? याच्या, की आईबापाच्या? आणि येशू सांगतो, याच्याही नाही, त्यांच्याही नाही.

वेस्तानं मान वर केली. "ऐकलं का? आपला देव दुखणेकऱ्याजवळ बसून गुन्हेगार शोधत नाही. ते तुमचा बडवा शोधतो! हे उशाखाली ठेवून तुम्ही म्हातारीचं डोकं फोडलं. उघडलं असतं, तर हात उचलला असता का?"

दोघं तिघं काठ्या टाकून निघून गेले. बाकीचे तसेच घुटमळत राहिले. वेस्तानं दगडीबाईचे दोर सोडले. तिच्या मनगटावरचे वळ बघून रुपली म्हणाली, "माले पोर दवाखानामा लई जावानी शे. गाडी जुपा." नवऱ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

चोपड्याला डॉक्टरांनी हिवताप सांगितला, सुया दिल्या. पोरगी वाचली. आणि गाव काय म्हणालं? उशाखालचं पुस्तक पावलं! वेस्ताचं डोकंच फिरलं. "सुईनं बरी झाली ती!" तो दारोदार जाऊन सांगायचा. "पुस्तक तुमच्यासाठी होतं, माणसासारखं वागायला. भाकर आढ्याला टांगून पोट भरतं का?"

ऐकलं थोड्यांनीच. पण त्या थोड्यांसाठी तो रोज संध्याकाळी अंगणात वाचायला बसू लागला. एक पान वाचायचं आणि मग प्रत्येकाला विचारायचं, आता उद्या काय करशील? पाळकांना हे रुचलं नाही. अर्थ सांगणं आमचं काम, म्हणाले. वेस्तानं त्यांनाही सोडलं नाही. "मंग बठ्ठा महिना कोठे राहतस?" पुढं पाळक आठवड्याला यायला लागले.

दगडीबाई प्रार्थनेच्या घरात पुन्हा गेली नाही. वेस्ताच्या अंगणात मात्र कुडाला टेकून बसायची. सुगीनंतर एका संध्याकाळी सुपडू तिथं आला. सगळ्यांदेखत उभा राहून, मान खाली घालून म्हणाला, "अक्का, मन्हा हातथून पाप व्हयनं. माफ कर."

दगडीबाईनं समोरच्या जागेकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "बैस. आजनं वाचन ऐक पहिले."