फिरदोसचा हातगुण

मला वाटलं होतं, संसदेतला प्रश्न म्हणजे फार मोठी गोष्ट असणार. कुणीतरी महिनोन् महिने अभ्यास करत असेल, मग तो प्रश्न सभागृहात उभा राहत असेल आणि सरकारला घाम फुटत असेल. आधी दिल्लीत आणि मग परदेशात सार्वजनिक धोरण शिकताना मी हेच चित्र मनात धरून होते. परत आले तेव्हा दिसलं ते असं: धाराशिवात खासदारांचं संपर्क कार्यालय, खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही. पंखा चालू केला की कागद उडतात, बंद केला की माणसं उठून जातात. आणि संसदेतला प्रश्न तयार होतो तो चहा येईपर्यंतच्या वेळात!

अशा ठिकाणी किस्से साठतात ते दारातल्या चपलांसारखे. कुणाचा कुठला हे कळत नाही, आणि प्रत्येक जण जाताना दुसऱ्याचाच पायात घालून जातो.

ऑफिसात आम्ही तिघं. हणमंतकाका हे साहेबांचे पीए. साहेब साधे पंचायत समितीत होते तेव्हापासूनचे. फिरदोस मुरुमची, वडिलांचं तिथं कापडाचं दुकान, वयानं माझ्याएवढीच. आणि मी अश्विनी, तामलवाडीची. काका फिरदोसला ‘बेटा’ म्हणतात आणि मला ‘म्याडम’. यातच सगळं आलं.

आधीच सांगून टाकते, पुढचे बहुतेक किस्से फिरदोसचे आहेत. मला ते सांगायला आवडत नाहीत. पण माझे किस्से इतके चांगले नाहीत, त्याला मी काय करू?

*

खासदार मंत्र्यांना प्रश्न पाठवतात. पण देशभरातून इतके प्रश्न येतात की कुठले घ्यायचे हे सोडतीनं ठरतं. सोडतीत वर आला तर तो तारांकित: मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि आपल्या साहेबांना तिथंच समोरासमोर उपप्रश्न विचारता येतो. खाली राहिला तर लेखी उत्तर. कधी कधी तेही नाही.

माझा पहिला प्रश्न असंघटित कामगारांच्या पेन्शनवर होता. त्याला मी पोटप्रश्न जोडले, पोटप्रश्नांना तळटीपा जोडल्या. काकांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, “म्याडम, ह्यो प्रश्न हाय का बारावीचा पेपर? ‘कोणतेही तीन सोडवा’ एवढं खाली लिवायचं ऱ्हायलं बघा!”

त्याच दिवशी फिरदोसनं चहा पिता पिता लिहिलं: रोजगार मेळाव्यात ज्यांना नेमणूकपत्रं दिली, ती पोरं सहा महिन्यांनी कुठं असतात, हे सरकार बघतं का?

संपलं. एवढंच!

तिचा प्रश्न सोडतीत वर आला, माझा शब्दमर्यादेत बसला नाही म्हणून परत आला. तिनं सगळ्यांना पेढे वाटले. मी दोन खाल्ले. पेढ्यांशी माझं भांडण नव्हतं.

*

फिरदोसचा दुसरा प्रश्नही लागला तेव्हा काकांनी निकाल देऊन टाकला. “पेरणीला पहिली मूठ कुणाच्या हातानं टाकत्यात? ज्याला हातगुण हाय त्याच्या! आजपासून प्रश्न कुणीबी लिवा, पाठवायचं बटण फिरदोस दाबंल.”

मी चिडले. सोडत संगणकावर निघते, तिथं कुणाचा हात पोचत नाही, हे मी शांतपणे समजावून पाहिलं. मग एका मोठ्या कागदावर संभाव्यतेचं सूत्र, उदाहरणासहित, सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवलं.

काका बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, पटलं. मग हळूच मला विचारलं, “म्याडम, हा आकडा ओपनचा हाय का क्लोजचा?”

मटक्याचा आकडा वाटला त्यांना!

पुढं फिरदोस मामेबहिणीच्या लग्नाला गेली तेव्हा बटण मीच दाबलं. तो प्रश्न गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशीही दाबलं. तोही गेला. त्यानंतर तर साइटच बंद पडली.  काकांनी गणपतीच्या फोटोला उदबत्ती ओवाळली आणि तीच पुढं कीबोर्डलाही ओवाळली.

*

माझ्या एका प्रश्नाला मात्र लेखी उत्तर आलं. मी विचारलं होतं: वृद्धांची पेन्शन कारण न देता थांबवली जाते, हे खरं आहे का? असल्यास त्याची कारणं काय, जबाबदार कोण, आणि सरकार काय करणार आहे?

उत्तर आलं: “(अ) नाही, महोदय. (ब) ते (ड) प्रश्न उद्भवत नाही.”

मला रडू यायचं बाकी होतं. ज्या देशात तहसीलच्या पायरीवर म्हातारी माणसं सकाळपासून बसलेली असतात, तिथं प्रश्न उद्भवत नाही? मी टेबलावर हात आपटून हे बोलत होते, तेवढ्यात फिरदोसनं चहावाल्याला फोन लावला. “काय हो, चहा पाठवला न्हाय का? का न्हाय पाठवला? कधी पाठवणार? असं का? अश्विनी, तो म्हणतोय, प्रश्न उद्भवत न्हाय!”

बाहेर बसलेली माणसंसुद्धा हसली. पुढं आठवडाभर ऑफिसात तेच चाललं होतं. उत्तर माझं, आणि त्यावरचा हशाही तिनंच नेला!

*

एकदा संसदेच्या समितीचा अभ्यासदौरा आपल्या भागात आला. रोजगार हमीची कामं बघायला. साहेब त्या समितीत. मी त्यांच्यासाठी टिपण केलं होतं: मजुरी उशिरा का मिळते, काम मागूनही का मिळत नाही, सगळं मुद्देसूद.

कामावर पोचलो तर बायका एका रांगेत, सगळ्यांच्या डोक्यावर कोऱ्या टोप्या, हातात चकचकीत टोपली. अधिकारी घाम पुसत माहिती देत होते. मी नोंदी घेत होते. फिरदोस रांगेतल्या एका बाईजवळ जाऊन उकिडवी बसली. “मावशी, आज काय काम हाय?”

बाई म्हणाली, “आज व्हय? आज फोटोचं काम हाय.”

साहेबांनी संध्याकाळच्या बैठकीत तेवढं एकच वाक्य सांगितलं. अध्यक्ष हसले, मग गंभीर झाले, मग त्यांनी अधिकाऱ्यांना असं काही फैलावर घेतलं की बास! माझ्या टिपणावरून घेतलं असतं, तर मी त्या अध्यक्षांना नमस्कारच केला असता.

माझं टिपणही साहेबांनी दिवसभर हातातून सोडलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. ऊन फार होतं. वारा घ्यायला बरं पडत होतं.

*

ढोकीजवळच्या एका वस्तीवरून सुंदराबाई आली ती दिवाळीच्या सुमाराला. मी वही उघडून, पेन काढून बसले. ती माझ्यासमोरून गेली आणि फिरदोसचा हात धरून खाली बसली.

“ल्योक-सून ऊसतोडीला जात्यात. लेकरं कुणाजवळ ठिवायची? म्हणून मी बी जाते. मागल्या साली तिकडं कर्नाटकात व्हते, आन् इकडं पेन्शनच्या पडताळणीला मानूस आला. घराला कुलूप. लिवलं, ‘आढळली न्हाय’. झाली बंद! चकरा मारू मारू आत्ता कुठं सुरू झाली. आन् आता टोळी पुन्यांदा निघायलीय.” मग फिरदोसचा हात तसाच धरून तिनं विचारलं, “औंदा काय करू, माय? पेन्शन सांभाळू का नातवंडं?”

 फिरदोसनं माझ्याकडं बोट दाखवलं. “मावशी, ही लिहील. ही लई शिकलीय.”

सुंदराबाईनं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा फिरदोसलाच म्हणाली, “तू सांग तिला.”

मी लिहिलं. पहिल्यांदाच आखूड लिहिलं: ऊसतोडीच्या हंगामात गावी नसलेल्या वृद्धांची पेन्शन पडताळणीत बंद होते, याची सरकारला कल्पना आहे का? हंगाम सोडून पडताळणी करण्याच्या सूचना सरकार देणार का?

काका म्हणाले, “हां! आता प्रश्न वाटायलाय.”

मी माउसवर हात ठेवला. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, “बटण फिरदोसला दाबू द्या बरं का.” मी हात काढून घेतला. तिनं ओठातल्या ओठात बिस्मिल्ला म्हटलं आणि दाबलं.

प्रश्न लागला. तोही असा वरच्या क्रमांकावर, की सभागृहात पुकारला जाणारच!

काकांनी जिन्यातून खाली झेरॉक्सवाल्याला ओरडून सांगितलं, “फिरदोसचा प्रश्न लागला!” सरपंचांचे फोन आले, फिरदोसला. पेढे आले, फिरदोसच्या नावानं. शेवटी उसाच्या फडावरून सुंदराबाईनं लेकाच्या मोबाइलवरून फोन केला. नातवंडांपायी ती गेलीच होती. फोन मी उचलला. “सुंदराबाई, मी अश्विनी. तुमचा प्रश्न मी लिहिला होता.”

“बरं बरं,” ती म्हणाली. “ती पोरगी हाय का तिथं, बटणवाली?”

*

मग साहेबांचा निरोप आला. सभागृहात उपप्रश्न विचारायचा आहे, तयारी करून द्यायला एकीला दिल्लीला पाठवा. फिरदोसलाच पाठवा. हातगुण आहे तसा पायगुणही असेल.

दिल्ली! जिथल्या गल्ल्या मला पाठ आहेत, जिथं मी अख्खी पदवी काढली. आणि फिरदोस पुण्याच्या पलीकडं कधी गेलेली नाही.

ती संध्याकाळी माझ्या टेबलाजवळ आली. “अश्विनी, थंडी लई असती का गं तिकडं? आणि उपप्रश्न कसा असतो? सांगशील ना?”

मी म्हणाले, “बघू.” आणि पिशवी उचलून खोलीवर आले.

मंत्री काय करणार हे मला दिसत होतं. ते उठतील, ‘पडताळणी हा राज्याचा विषय आहे’ म्हणतील आणि बसतील. त्यावर काय विचारायचं हे माहीत नसलं, तर साहेबही बसतील. झाला प्रश्न! जाऊ दे हिला, मी म्हटलं. टीव्हीवर सगळा जिल्हा बघेल. मग साहेब स्वतःच काकांना म्हणतील, ‘अश्विनीलाच बोलवायला हवं होतं!’ चहा गार होईपर्यंत मी हेच चित्र बघत बसले. फार गोड चित्र होतं. फक्त त्यात एका कोपऱ्यात सुंदराबाई फडाच्या कडेला नातवाला मांडीवर घेऊन बसली होती, आणि काही केल्या तिला चित्राबाहेर काढता येईना.

सकाळी उठले, माझं दिल्लीचं जाड जाकीट घेतलं आणि बसस्टँडवर गेले. फिरदोस सोलापूरच्या गाडीत खिडकीला बसली होती. पुढं तिथून रेल्वे होती. मी खालूनच जाकीट दिलं आणि म्हटलं, “ऐक. मी मंत्री, तू साहेब. महोदय, पडताळणी हा राज्याचा विषय आहे!”

“मग झालं की,” फिरदोस म्हणाली.

“झालं काय? उभी राहा! म्हण, दरवर्षी पडताळणी करा ही सूचना केंद्राचीच ना? मग त्याच सूचनेत ‘ऊसतोडीचा हंगाम सोडून’ एवढं घालायला तुम्हाला कोण अडवतंय?”

तिनं म्हटलं. अर्धं विसरली. मी पुन्हा मंत्री झाले. ती पुन्हा उठली. स्टँडवरची माणसं खिडकीपाशी जमली. कंडक्टर ओरडला, “ओ म्याडम, गाडी सुटायलीय! अधिवेशन आत घ्या, न्हायतर बंद करा!”

मी तिथंच ठरवलं, आत चढले आणि सोलापूरचं तिकीट काढलं.

तुळजापूर येईपर्यंत निम्मी गाडी विरोधी पक्षात गेली होती. मंत्र्याच्या बाजूनं मी एकटी. घाटात फिरदोस सीटच्या दांड्याला धरून उभी राहिली आणि एकदम, न अडखळता, माझ्यापेक्षाही चांगलं बोलली. शेवटी तिनं स्वतःचंच एक वाक्य जोडलं: “नातवंडं सांभाळणारी बाई घरात सापडत न्हाय, म्हणून ती जगातच न्हाय असं धरायचं का?”

मी आयुष्यभर शिकले तरी मला ते सुचलं नसतं. माझ्या अंगाची आग झाली.

 मागच्या सीटवरचे पटकेवाले आजोबा पुढं वाकले. “आता मंत्री काय म्हणतोय?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, “महोदय, माहिती मागवण्यात येत आहे.”

आजोबांनी माझ्याकडं पार दुर्लक्ष केलं आणि फिरदोसला म्हणाले, “मंग पुन्यांदा विचार, पोरी. सोलापूर अजून लई लांब हाय.”